मदत हवी आहे: फॉस्टरला आलेली म्हातारी कुत्री, किडनी निकामी. घरी सलाइन आणि पुढचा निर्णय

आंबेहळद (बोरिवली)
देशी कुत्री, अंदाजे १३ वर्षं, वजन १६ किलो. संस्थेकडून फॉस्टरला, म्हणजे तात्पुरत्या सांभाळाला, आली आहे. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ५.२, म्हणजे खूपच वाढलेलं, मागचे पाय लटपटतात. डॉक्टरांनी घरीच रोज कातडीखाली २०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाइनचाच एक प्रकार) द्यायला सांगितलंय. सुई लावली की अंग चोरते आणि अर्धं पाणी बाहेर गळतं. भांड्यापाशी येते, हुंगते, तोंड फिरवते. आणि मुख्य म्हणजे, थांबायचं, म्हणजे दयामरण द्यायचं, कधी आणि ते ठरवायचं कुणी?

तिरकीट
ताई, सलाइनचं सांगते. बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, गार पाणी आत गेलं की कुत्री अंग चोरतातच. सुई १८ किंवा २० नंबरची घ्या. बारीक सुईने कमी दुखेल म्हणून लोक २२ ची आणतात, मग पाच मिनिटांचं काम वीस मिनिटं चालतं आणि तेवढा वेळ कुठलंच कुत्रं बसत नाही. खांद्यांच्या मधली कातडी उचलून तंबू करा, सुई तंबूच्या पायथ्याशी, अंगाला समांतर, टोकाचा तिरका काप वर ठेवून घाला. गळतंय म्हणजे सुई पलीकडून बाहेर आलीय किंवा पुरती आत गेलेली नाही. काढल्यावर भोक मिनिटभर चिमटीत धरा. बाटली कडक प्लास्टिकची असेल तर टांगल्यावर बुडाला हवेसाठी एक निर्जंतुक सुई खुपसावी लागते, नाहीतर धार मध्येच अडकते.

पाण्याचा फुगा पुढच्या पायात उतरतो, ते चालतं. पण दुसऱ्या दिवशीही जिरला नसेल तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. गाढ झोपेतले श्वास मोजा: मिनिटाला ३० च्या आत हवेत. ४० च्या वर गेले तर सलाइन बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. आणि मेडिकलवाल्याने आरएल नाही म्हणून डेक्स्ट्रोजची बाटली दिली तर घेऊ नका, ती कातडीखाली द्यायची नसते.

मांडवाखाली
हुंगून तोंड फिरवणं म्हणजे भूक नाही असं नसतं, बहुतेकदा मळमळ असते. ओठ चाटते का, लाळ गळते का बघा. डॉक्टरांना मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅनसेट्रॉनबद्दल विचारा. पोट शांत झाल्यावर मऊ भात, थोडं चिकन, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, कोमट करून द्या. पिवळा बलक नको, त्यात फॉस्फरस जास्त. सिरिंजने कोंबू नका, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम चुकूनही नको. मेलोक्सिकॅमही या किडनीला झेपणार नाही. दुखण्यावर बहुतेक गॅबापेंटिन मिळेल, पण डोस डॉक्टरच ठरवतील, किडनी मंद असली की ते अंगात साचतं. गोळीच घ्या, माणसांच्या सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असू शकतं आणि ते कुत्र्यांना विष आहे. गुळगुळीत लादीवर योगा मॅट अंथरा आणि पंज्यातले केस कापा, निम्मं लटपटणं तिथेच कमी होईल.

जुनाखंड
फॉस्टर म्हणजे कुत्री कागदोपत्री संस्थेची. तेव्हा आजच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: कुठले डॉक्टर, खर्च कोण देणार, रात्री दोन वाजता झटके आले तर परवानगी कोण देणार. हे त्या रात्री ठरवायला गेलात तर कुणी फोन उचलत नाही.

अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांची मोजपट्टी वापरतात: वेदना (यातच श्वासाचा त्रासही), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण; बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायचं. माझं मत विचाराल तर नुसत्या बेरजेवर जाऊ नका. श्वास किंवा वेदना दोनवर आली की बाकी सगळं दहा असून उपयोग नाही.

दयामरणाचं ठरलं तर डॉक्टरांना आधीच विचारा: आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना? ते लागल्यावर शिरेतून थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल ही भुलीची औषधं जास्त मात्रेत देतात, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, लघवी होते, एखादा मोठा श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसते. ती शुद्धीत नसते. पूर्ण भूल न देता नुसतं मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम देतो म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

आंबेहळद
सगळ्यांचे आभार. ती गेल्यानंतरचं काय?

तिरकीट
मालाडला महापालिकेची पाळीव प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी आहे, फोन करून वेळ घ्या. अंग कडक व्हायच्या आत पाय दुमडून ठेवा, पोटाशी बर्फाच्या पिशव्या, खाली जुनी चादर. पुरायचं असेल तर परवानगी असलेल्या जागीच, किमान तीन-चार फूट खोल आणि प्लास्टिकशिवाय. वर राहिलं आणि दुसऱ्या कुत्र्याने उकरून खाल्लं तर त्या औषधाने तेही मरू शकतं. संस्थेच्या नोंदीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. न उघडलेल्या आरएलच्या बाटल्या संस्थेला परत द्या, वापरलेल्या सुया जाड डब्यात भरून दवाखान्यात.