मदत हवी आहे: भाच्यानं ह्यूस्टन बंदरात जहाजावरून आश्रय मागितलाय, घरून कोणता कागद द्यायचा आणि कोणता नाही?

सुरूचं_बन

नमस्कार. मी श्रीवर्धन तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. अमेरिकेतल्या असायलमच्या म्हणजे आश्रयाच्या कामाची किंवा जहाजावरच्या नोकरीची ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया पूर्ण वाचा.

माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. घरची छोटी होडी आहे, भावोजी अजून दर्यावर जातात. भाच्यानं पनवेलला रजिस्टर लग्न केलं, मुलगी दुसऱ्या जातीची. गावकीनं बैठक बोलावली, दंड ठोठावला. त्यानं दंड भरायला नकार दिला आणि तेव्हापासून घर वाळीत आहे.

वाळीत म्हणजे काय ते शहरात राहणाऱ्यांना नुसतं सांगून कळत नाही. ताई तांदूळ दळायला गेली तर गिरणीवाल्यानं डबा तसाच तिच्या हातात परत दिला, कारण तिचं दळण घेतलं तर दंड त्यालाही. लिलावात भावोजींच्या मासळीवर कोणी बोली लावत नाही, पाट्या टेम्पोत घालून लांबच्या बंदरावर न्याव्या लागतात. शिमग्याला पालखी शेजारच्या अंगणापर्यंत आली, तिथे ढोल थांबले, आमचं दार सोडून भोई पुढे गेले आणि पलीकडच्या अंगणात ढोल पुन्हा सुरू झाले. ताई ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. मी तिच्या मागेच होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो देश सोडून गेला नसता. जेटीवर त्याला मारलं, डोक्याला टाके पडले. बायकोला घेऊन पुन्हा दिसलास तर दोघं खाडीत सापडाल, असं चारचौघांत सांगितलं. पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. मग दोघं पनवेलला खोली घेऊन राहिले, तर तिथेही गावचे चौघे येऊन घरमालकाला भेटून गेले. शेवटी जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, कोर्स केलेला होता त्याच्या जोरावर तो जहाजावर लागला आणि भाचेसून माझ्याकडे आली.

जहाज ह्यूस्टनला लागलं. तपासणीला वर आलेल्या अधिकाऱ्याला त्यानं सांगितलं, मला परत जायची भीती वाटते. त्याला जहाजावरून उतरवलं आणि आता तो कोठडीत आहे. एक फोन आला, त्यात ए अक्षरानं सुरू होणारा नंबर त्यानं सांगितला तो भाचेसुनेनं कॅलेंडरवर लिहून घेतलाय. त्यानंतर काही कळलेलं नाही.

आता दोन कागद समोर आहेत. ज्या ऑफिसनं त्याला जहाजावर लावलं त्यांनी एक पत्र टाइप करून पाठवलंय: मुलगा मानसिक तणावात आहे, त्याला घरी पाठवा, अशी आमची विनंती. दुसरा कागद गावकीचा. भावोजींनी लिहून द्यायचं की गावात कोणताही बहिष्कार नाही आणि मुलगा नोकरीसाठी खोटं बोलला. ते दिलं तर घर परत गावात घेणार. भावोजी थकलेत हो. त्यांचा हात सहीपर्यंत गेलाय. ताईनं ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेलं ते लष्करी विमान टीव्हीवर पाहिलं होतं, १०४ माणसं बेड्या घालून परत पाठवलेली. तिला वाटतं आपण सही केली तर पोरगा निदान बेड्यांशिवाय येईल.

सही करावी का? दूतावासाला कळवावं का? आणि तो नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं?

दर्यावर्दी

ताई, मी बोसन म्हणून निवृत्त झालो, दाभोळकडचा. ऑफिसच्या पत्रावर सही करू नका. त्यांची घाई का आहे ते समजून घ्या. खलाशाला ताब्यात ठेवा असा हुकूम असताना तो सुटून गेला तर दंड जहाजाच्या मालकाला आणि एजंटाला बसतो, परत पाठवण्याचा खर्चही त्यांच्याच डोक्यावर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक ऑफिसला मुलगा लवकर परत आलेला हवा असतो. त्याच्या जिवाचं काय, हा प्रश्न त्यांच्या फाइलमध्ये नसतो.

तो पळून गेलेला नाही हेही लक्षात ठेवा. शोअर पासवर, म्हणजे बंदरात थोडा वेळ उतरायच्या परवानगीवर, उतरून गायब होणं वेगळं. यानं अधिकाऱ्याच्या तोंडावर सांगितलं, लपवाछपवी केली नाही. ऑफिसवाले फोनवर फरारी शब्द वापरत असतील तर ऐकून घेऊ नका. त्याच्या कराराची प्रत, सीडीसीची म्हणजे खलाशाच्या नोंदवहीची झेरॉक्स, साइन ऑनची म्हणजे जहाजावर रुजू झाल्याची तारीख, पगाराची स्लिप, जे घरी असेल ते एका पिशवीत जमा करा. उतरला त्या दिवसापर्यंतचा पगार त्याचा हक्काचा आहे, तो मागायला लाजू नका. पण तो मागताना त्याच्या अर्जाबद्दल एक अक्षरही बोलू नका.

गावकीच्या कागदाबद्दल मी काय सांगू. भावोजींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, थोडं थांबा.

मुंबईकर_किशोर

मोबाइलवर सीबीपी वन नावाचं ॲप आहे ना, त्यावर अपॉइंटमेंट घेऊन केस लवकर लागते असं एका व्हिडिओत पाहिलं. ते करून बघा.

केतकी_टेक्सास

किशोर, ते व्हिडिओ जुने आहेत आणि त्यांनी लोकांचं फार नुकसान झालंय. सीबीपी वनवर अपॉइंटमेंट जानेवारी २०२३ पासून मिळत होत्या, मेक्सिकोकडून जमिनीवरच्या नाक्यावर येणाऱ्यांसाठी. २० जानेवारी २०२५ ला ती सोय बंद झाली. या मुलाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सुरूचं_बन, मी इथे इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते. मी वकील नाही, पण असे कागद रोज हातून जातात. खलाशाचा रस्ता वेगळा असतो आणि तो खुद्द इथल्या लोकांनाही नीट माहीत नसतो. जमिनीवरून किंवा जहाजात लपून आलेल्या माणसाची आधी भीतीबद्दल मुलाखत होते, तीत पास झाला तर पुढे. खलाशाला ती मुलाखत नाही. त्यानं भीती सांगितली की जहाजावरून उतरवतात, आय-५८९ नावाचा आश्रयाचा अर्ज देतात आणि तो भरायला १० दिवस मिळतात. सबळ कारण असेल तर मुदत वाढवून मागता येते. अर्ज वेळेत दिला की आय-८६३ या कागदानं प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशाकडे जातं. तिथे फक्त आश्रय आणि त्याला जोडलेल्या संरक्षणाचाच विचार होतो, दुसरी कसली सवलत मागता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी ते १० दिवस कधी सुरू झाले ते विचारा. बाकी सगळं त्यानंतर.

तो कुठे आहे ते आयसीईच्या, म्हणजे कोठडी सांभाळणाऱ्या इथल्या इमिग्रेशन खात्याच्या, ऑनलाइन लोकेटरवर दिसतं. ए-नंबर, म्हणजे कॅलेंडरवर लिहिलेला तोच नंबर, नऊ आकडी असतो, तो आणि जन्माचा देश टाका. नाव टाकून शोधणार असाल तर अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, पासपोर्टवर ते कधी पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, कधी आडनाव गाळलेलं असतं. नंबर आहे तर नंबरच वापरा. तुम्ही आत फोन करून त्याला बोलावू शकत नाही, तोच बाहेर करू शकतो, म्हणून भाचेसुनेनं फोन सतत चार्ज करून जवळ ठेवावा.

सरकारी खर्चानं वकील मिळत नाही. विनामूल्य काम करणाऱ्या संस्थांची यादी प्रत्येक इमिग्रेशन कोर्टाची असते, ती त्याला मिळायला हवी. नसेल मिळाली तर फोन आला की मागायला सांगा. आणि भाषा! त्यानं प्रत्येक ठिकाणी मराठी म्हणून सांगायचं. कोर्टात दुभाषी फुकट मिळतो. आपली मुलं लाजेपोटी इंग्रजी येतं म्हणतात आणि का आलास या प्रश्नाला वर्क एवढंच उत्तर देतात. ते उत्तर कागदावर उतरतं. २००५ पासून कायदाच असा आहे की आधीच्या आणि नंतरच्या बोलण्यात लहानसा फरक दिसला तरी न्यायाधीश त्यावरून विश्वास नाकारू शकतो.

आता तुमचा खरा प्रश्न. दोन्हींपैकी एकाही कागदावर सही नको. घरून गेलेला कागद घरातच राहत नाही. गावात बहिष्कार नाही असं वडिलांच्या सहीनं लिहिलेलं पत्र सरकारी वकिलाच्या हाती लागलं तर तो ते न्यायाधीशापुढे ठेवेल, आणि मुलानं कितीही जीव तोडून सांगितलं तरी बापाची सही त्याच्या विरोधात उभी राहील. मानसिक तणावाचं पत्रही तसंच, त्याच्या सगळ्या बोलण्यावर संशय येईल.

दूतावासाचं असं आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार त्याला आपल्या दूतावासाशी बोलायचा हक्क आहे, पण तो हक्क त्याचा आहे. आश्रयाच्या अर्जातली माहिती अमेरिकी सरकार आपणहून भारत सरकारला देत नाही, तसा इथला नियम आहे. ती माहिती तुम्हीच निवेदन लिहून उघडी केलीत तर नियमाचा उपयोग काय? पुढाऱ्याचं शिफारसपत्रही नको. आधी त्याला विचारा, वकील मिळाला की वकिलाला विचारा.

परखड_पेणकर

मी वेगळं बोलणार आहे, राग नसावा. वाळीत टाकणं वाईटच. पण महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, पुणे आहे, नाशिक आहे, नागपूर आहे. त्यासाठी अमेरिकेत कोठडीत बसायचं? ज्यांच्या मागे खरोखर युद्ध लागलंय त्यांची जागा आपण अडवतो असं मला मनापासून वाटतं.

सुरूचं_बन

पेणकर दादा, राग नाही. मीही आधी हेच म्हणाले होते त्याला. पण पनवेलला माणसं पोचली ना? पुण्याला आमच्या गावची निदान पन्नास घरं आहेत, मुंबईत त्याहून जास्त, आणि गावकीची मंडळं तिथेही आहेत. दंड तिकडूनच गोळा होतो. कोण कुठे राहतो ते गणपतीच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या डोक्यावरचे टाके मी स्वतः पाहिलेत.

केतकी_टेक्सास

पेणकरांचा प्रश्न न्यायाधीश विचारणारच आहे, म्हणून तो इथे आला ते बरं झालं. आश्रय पाचच कारणांवर मिळतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गट. गरिबी, कर्ज, बेकारी यात बसत नाही. त्रास देणारे सरकारचे लोक नसतील तर दोन गोष्टी हमखास विचारतात. पोलिसांनी संरक्षण का दिलं नाही? आणि देशातच दुसरीकडे का गेला नाहीस? तुम्ही आत्ता लिहिलंत तेच, पनवेलला चौघे आले, घरमालकाला भेटले, पुण्यामुंबईत मंडळं आहेत, हेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. घरमालक लिहून देईल का? दळण आणि पालखीपेक्षा मारहाण आणि धमकी कोर्टात जड पडते, पण पालखीचंही लिहा, कारण त्रास कशामुळे होतोय ते त्यातून दिसतं.

आशा फार लावू नका हेही सांगते. अशा केसेस अवघड असतात आणि तो आत असताना कोर्टात सगळं झपाट्यानं चालतं. पॅरोलवर, म्हणजे केस चालू असताना तात्पुरतं, बाहेर सोडायची विनंती आयसीईकडे करता येते, मात्र सध्या त्या भरवशावर बसू नये.

रोहा_अष्टमी

आमच्याकडे असं प्रकरण झालं होतं, त्यावरून सांगतो. पेणकर ज्या कायद्याचं म्हणतात तो २०१६ चा, लागू झाला ३ जुलै २०१७ पासून. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगला कायदा आहे, पण ठाण्यात कलम लावून घ्यायला माणूस सोबत लागतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं २०१३ पासून जातपंचायतीला मूठमाती ही मोहीम चालवली, त्यांचे कार्यकर्ते रायगडात आहेत. त्यांना भेटा. तक्रार लेखी द्या, ठाण्याचा शिक्का असलेली पोच घ्या, आणि घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा, तीही पुरावाच.

आणि भावोजींना एक सांगा. गावकीनं सहीच्या बदल्यात परत घेण्याची जी अट घातली ती अटच बहिष्कार असल्याचा पुरावा आहे. तो मसुदा कोणाच्या हस्ताक्षरात आहे? फाडू नका.

सुरूचं_बन

सगळ्यांचे खूप आभार. मसुदा वहीच्या पानावर आहे, निळ्या पेनानं लिहिलेला, खाली भावोजींच्या नावासमोर सहीसाठी रेघ ओढलेली. काल रात्री केतकीताईंचं लिहिणं मी भावोजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. बापाची सही त्याच्या विरोधात उभी राहील, इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी ते पान माझ्याकडे दिलं, म्हणाले तुझ्याकडे ठेव. ताईनं ऑफिसचा फोन उचलणं बंद केलंय.

लोकेटरवर नंबर टाकला, सापडला. ह्यूस्टनच्या उत्तरेला कॉनरो म्हणून गाव आहे, तिथे आहे. सकाळी त्याचा फोनही आला. अर्ज मिळालाय, अजून भरलेला नाही, पाच दिवस उरलेत. मराठी दुभाषी मागायचं त्याला माहीतच नव्हतं. एका संस्थेचा माणूस परवा भेटायला येणार आहे.

आता एवढीच मदत हवी. अदखलपात्र नोंदीची प्रत, टाके घातल्याचा दवाखान्याचा कागद, लग्नाचा दाखला आणि ते वहीचं पान, हे सगळं मराठीतून इंग्रजीत करून द्यायचंय.

केतकी_टेक्सास

प्रत्येक कागदाला वेगळं प्रमाणपत्र लागेल: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर खरं व अचूक आहे, खाली सही, नाव, पत्ता. नोटरी करून घेतलेलं बरं, पण भाषांतराचं ते प्रमाणपत्र नसेल तर कोर्ट कागद बाजूला ठेवतं. भाषांतर घरच्यांपैकी कोणी करू नये. मूळ कागद पाठवू नका, स्वच्छ स्कॅन पाठवा, मागची बाजूही, शिक्के मागेच असतात. वहीच्या पानाचा रंगीत स्कॅन घ्या. आणि अर्जासाठी कागदांची वाट बघायची नाही, अर्ज आधी गेला पाहिजे, पुरावे मागून जोडता येतात.

सुरूचं_बन

अर्जाचं आज फोन आला की लगेच सांगते. श्रीवर्धन, म्हसळा किंवा माणगावात असं भाषांतर करून सही देणारं कोणी असेल तर कृपया मला निरोप करा. पैसे देऊ. मी उद्या पहिल्या एसटीनं निघू शकते.