मदत हवी आहे: गिऱ्हाइकाचा मोबाइल चार्जिंगला लावला की थंब मशीन बंद पडतं

नमस्कार मंडळी,

नागपुरात मानेवाडा रोडला आमचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि आधारवर अंगठा लावून पैसे काढून देणं, ही कामं. प्रश्न हार्डवेअरचा आहे आणि मी त्यातली नाही, म्हणून जे दिसतं ते सगळं लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

कॉम्प्युटर असेंबल केलेला आहे. पुढच्या बाजूला दोन यूएसबी पोर्ट, मागे सहा, त्यातले दोन निळे. मागे कीबोर्ड, माउस आणि प्रिंटर एवढंच लावलंय, कारण कॅबिनेट टेबलाखाली आहे आणि सारखं कोण वाकणार. पुढच्या एका पोर्टला चार तोंडांचा हब लावून तो टेबलावर घेतलाय. हबला वेगळा अ‍ॅडॉप्टर नाही. त्याच्यावर थंब मशीन, वेबकॅम आणि उन्हाळ्यात छोटा यूएसबी पंखा (कूलर काउंटरकडे वळवला की फॉर्म उडतात). चौथं तोंड पेनड्राइव्हसाठी मोकळं. पुढच्या दुसऱ्या पोर्टला एक टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क, तिच्यात सगळे जुने स्कॅन.

आता दुखणं. रांगेतलं कोणीतरी म्हणतं, "ताई, दोनच टक्के राहिली, ओटीपी यायचाय, जरा लावून द्या ना." नाही म्हणवत नाही. काउंटरवर तीन तोंडांची केबल ठेवलीय, ती हबला लावते. मोबाइल जोडला की थोड्या वेळाने टुडुंग असा आवाज येतो आणि थंब मशीनचा लाइट जातो. मग सॉफ्टवेअर म्हणतं, डिव्हाइस सापडत नाही. कधी विंडोज खाली कोपऱ्यात यूएसबी पोर्टवर पॉवर सर्ज झाल्याचा मेसेज दाखवतं. एकदा एका आजीबाईंचे निराधारचे पैसे काढताना हे झालं. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला आणि इकडे व्यवहार अडकलेला. पैसे नंतर परत जमा झाले, पण तोवर त्या बाईचा जीव टांगणीला आणि माझाही. हार्डडिस्कसुद्धा मधूनच टिक टिक करते.

विचित्र भाग हा की सकाळी दहा-अकरापर्यंत फारसं होत नाही. दुपारी एक ते चार हमखास होतं. हिवाळ्यात तर जवळजवळ नव्हतंच.

एक मेकॅनिक म्हणाला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बदला, दुसरा म्हणाला मदरबोर्ड गेला. कॅबिनेट दोघांनीही उघडलं नाही. मोबाइलमुळे मदरबोर्ड खरंच जळू शकतो का? आणि खर्च करायचाच तर नेमका कशावर?

आगाऊ धन्यवाद.

सावजी_रस्सा
सकाळी काम करतं आणि दुपारी एक ते चार बंद? ताई, हे मशीन मशीन नाही, कर्मचारी आहे.

शेगावकर
हबच बदला. अ‍ॅडॉप्टरवाला पॉवर्ड हब घ्या, विषय संपला. मदरबोर्डला काही झालेलं नाही.

ओहम_शांती
मदरबोर्डबद्दल शेगावकरांशी सहमत, हबबद्दल नाही. ताईंनी इतकं नीट लिहिलंय की उत्तर त्यांच्याच मजकुरात आहे. जरा सविस्तर लिहितो.

यूएसबी २.० च्या एका पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यायचे, हा नियम २००० सालापासूनचा. निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टला ९००. बिनअ‍ॅडॉप्टरचा हब काही करंट तयार करत नाही, तो ज्या एका पोर्टला लावलाय त्याचेच ५०० वाटतो. कागदोपत्री त्याने १०० स्वतःला ठेवायचे आणि चार तोंडांना प्रत्येकी १०० द्यायचे. थंब मशीन, वेबकॅम आणि पंखा मिळूनच हा हिशोब केव्हाचा ओलांडलाय. विंडोजने खरं तर अडवायला हवं, पण स्वस्त हब बरेचदा "मला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे" असं कॉम्प्युटरला खोटंच सांगतात, आणि विंडोज विश्वास ठेवतं.

आता मोबाइल. साध्या डेटा केबलने जोडला तर तो कॉम्प्युटर ओळखतो आणि ५०० च्या आसपास थांबतो. पण तीन तोंडांच्या केबली बहुतेक फक्त चार्जिंगच्या असतात, आणि त्यातल्या काहींत डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. भिंतीवरच्या चार्जरची खूणही हीच आहे. यूएसबीच्या २०१० च्या बॅटरी चार्जिंग १.२ या नियमावलीतही तीच दिलीय. अशी केबल लावली की मोबाइलला वाटतं आपण चार्जरवर आहोत, आणि तो एक-दीड अँपिअरपर्यंत ओढायला जातो. माझा पहिला संशय या केबलवर.

मग दुपारीच काहून? बहुतेक मदरबोर्डवर यूएसबीसाठी पॉलिफ्यूज असतो, बरेचदा दोन पोर्टना मिळून एक. करंट जास्त झाला की तो तापून वाट अडवतो, भार काढला की निवून पुन्हा पूर्ववत. म्हणून मदरबोर्ड सहसा जळत नाही. पण हा फ्यूज उष्णतेवरच चालतो, त्यामुळे भोवतालची हवा जितकी गरम तितक्या कमी करंटला तो सुटतो. भोवताली ६० अंश झाले तर त्याची क्षमता साधारण दोन तृतीयांश उरते. नागपूरचा मे, टेबलाखालचं कॅबिनेट आणि दुपारचे दोन, म्हणजे काय होत असेल बघा. सकाळी जो भार त्याला पेलतो, तोच दुपारी पेलत नाही. एसएमपीएस कमजोर असता तर बहुधा अख्खा कॉम्प्युटर रिस्टार्ट झाला असता, एकटा हब गेला नसता.

फ्यूज सुटला नाही तरी व्होल्टेज पडतंच. स्वस्त केबलीत २८ गेजची तार असते. एक मीटर केबलीत जाऊन-येऊन सुमारे ०.४३ ओहम. एक अँपिअर वाहिला की ०.४ व्होल्ट वाटेतच गेले. त्यात पुढच्या पॅनेलची आतली वायर आणि हबची शेपटी धरा. थंब मशीनच्या वाट्याला काय उरणार?

आणि मोबाइलला तरी काय मिळतं ते बघा. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. ५ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॉट. वाटेत वाया जाणारी वीज धरून पूर्ण भरायला नऊ-दहा तास. अर्ध्या तासात पाच-सहा टक्के, तेही स्क्रीन बंद असेल तर. एवढ्यासाठी आजीबाईंचा व्यवहार पणाला लावू नका.

मी असतो तर पैसे मोबाइलच्या चार्जरवर घातले असते. चार-पाच तोंडांचा भिंतीचा चांगला चार्जर काउंटरवर ठेवा, तीन तोंडांची केबल आणि पंखा त्याच्यावर. हब काढून टाका. थंब मशीन आणि वेबकॅम मागच्या पोर्टांत थेट (वायर पुरत नसेल तर जाड आणि आखूड एक्स्टेंशन), हार्डडिस्क निळ्या पोर्टात. तुमचे मागचे सहा बरोबर भरतात. पुढचे दोन पेनड्राइव्हला मोकळे.

हार्डडिस्कचं मात्र आज करा. टिक टिक हा करंट अपुरा पडून चकती पुन्हा पुन्हा सुरू होण्याचा आवाज असू शकतो, किंवा डिस्क खरोखर आजारी असण्याचा. आधी सगळं दुसरीकडे कॉपी करा, मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर टाकून तब्येत बघा. उलट क्रमाने नको.

शेगावकर
पटलं, पण सगळ्यांना सारखं टेबलाखाली वाकायला सांगणं सोपं नाही. पॉवर्ड हब टेबलावर ठेवला तर ताईंची सोय राहते. माझ्या ऑफिसात दोन आहेत, त्रास नाही.

ओहम_शांती
हरकत नाही, पण दोन गोष्टी बघून घ्या. एक, अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा. सात तोंडांचा हब आणि ५ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर हे सर्रास विकलं जातं. दोन मोबाइल लावले की पुन्हा तीच बोंब. दोन, काही हब आपल्या अ‍ॅडॉप्टरचे ५ व्होल्ट उलटे कॉम्प्युटरात ढकलतात. तपासायचं असं: कॉम्प्युटर शट डाउन करा, त्याची पॉवर केबल भिंतीतून काढा, हबचा अ‍ॅडॉप्टर मात्र चालू ठेवा. मिनिटभराने मदरबोर्डचा किंवा कीबोर्डचा एखादा दिवा मिणमिणताना दिसला तर तो हब दुकानदाराला परत.

प्रतापनगर_७०+
माझा एक उपप्रश्न. रात्री कॉम्प्युटर शट डाउन करून त्यालाच मोबाइल लावून झोपतो. तरी चार्ज होतो, हे कसं? मुलगा ओरडतो.

ओहम_शांती
काका, डेस्कटॉप शट डाउन केला तरी भिंतीचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस ५ व्होल्टची एक स्टँडबाय लाइन जिवंत ठेवतो, मोबाइल तिच्यावर चालतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ईआरपी नावाचा वीज वाचवण्याचा पर्याय चालू केला तर बहुतेक बोर्डांवर हे थांबतं. पण एका मोबाइलसाठी एसएमपीएस रात्रभर जागा ठेवण्यापेक्षा त्याचा स्वतःचा चार्जर वापरा. मुलाचं बरोबर आहे.

मिहानवाला
लॅपटॉपवाल्यांसाठी थोडी भर. ज्या पोर्टवर विजेची खूण असते तो बरेचदा लॅपटॉप बंद असतानाही चार्ज करतो, आणि जास्त करंट देतो. टाइप-सीचा हिशोब तर वेगळाच: ५ व्होल्टलाच दीड किंवा ३ अँपिअर जाहीर करता येतात, पॉवर डिलिव्हरी असेल तर १०० वॉटपर्यंत, आणि २०२१ च्या आवृत्तीपासून २४० पर्यंत. पण पोर्टचा आकार टाइप-सी म्हणजे हे सगळं मिळेलच असं नाही. लॅपटॉपचं स्पेसिफिकेशन वाचा.

थंब मशीनसाठी अजून एक: डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची टिक काढा. ताईंचा आजार तो नाही, पण अर्धा तास गिऱ्हाईक नसलं की मशीन झोपतं, ते याने थांबेल.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. बर्डीला मोदी नंबर तीनमधून छोटा यूएसबी मीटर आणला, दोन्हीकडे तोंडं असलेला, व्होल्ट-अँपिअर दाखवणारा. हब काढायच्या आधी मुद्दाम लावून पाहिला. तीन तोंडांच्या केबलीवर मोबाइल १.१ अँपिअर ओढून राहिला होता, व्होल्टेज ४.४ च्या खाली उतरलं, आणि थोड्याच वेळात टुडुंग. त्याच मोबाइलला माझी डेटा केबल लावली तर ०.४६ वर स्थिर. म्हणजे संशय खरा निघाला.

ओहमदादांनी सांगितल्याप्रमाणे सगळं मागे लावलं. भर दुपारी मोबाइल भिंतीच्या चार्जरवर आणि थंब मशीन चालू, दोन्ही गुण्यागोविंदाने. कोणाचे फोटो मोबाइलमधून घ्यायचे असले तर पुढच्या पोर्टला डेटा केबलने घेते, त्यानेही काही तुटत नाही. हार्डडिस्क निळ्या पोर्टात टिकटिकत नाही, तब्येतही "गुड" दाखवते. तरी कॉपी करून ठेवली.

आता दोन शंका उरल्या. एक, चार्जर यूपीएसच्या बोर्डवर लावू की साध्या? दुसरी, मागे वायरी लावताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की हलक्या झिणझिण्या येतात. गिऱ्हाइकंही कधीकधी म्हणतात, मोबाइलच्या कडेला करंट लागतो. मला वाटायचं उन्हाळ्यात असं होतच असेल.

ओहम_शांती
चार्जर साध्या बोर्डवर. यूपीएसची बॅटरी कॉम्प्युटरसाठी राखा, लाइट गेली की तुम्हाला चालू व्यवहार पूर्ण करायला ती मिनिटं लागतात.

झिणझिण्यांचा उन्हाळ्याशी संबंध नाही. अर्थिंग नसल्याची ती खूण आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ गळका करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, आणि यूएसबीचं धातूचं कवच त्याच पत्र्याला जोडलेलं असतं. करंट अगदी कमी असतो, झिणझिण्यांपलीकडे सहसा जात नाही. पण एखाद दिवशी आतलं इन्सुलेशन खरंच बिघडलं, तर अर्थिंगशिवाय तो करंट माणसातूनच वाट काढेल. इलेक्ट्रिशियनला तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग पोचतंय का ते मोजायला लावा, नुसतं भोक बघून हो म्हणू देऊ नका. एक्स्टेंशन बोर्डाचा प्लग दोन पिनांचा असेल तर तोही बदला. हे होईपर्यंत कोणाचा मोबाइल कॉम्प्युटरला जोडू नका, फोटोसाठीसुद्धा. तुमच्याकडे येणारी माणसं चपला दाराबाहेर काढून येत असतील तर जास्तच जपा, ओल्या फरशीवर अनवाणी माणसाला झटका जोरात लागतो.

धागाकर्ती
काढूनच येतात. बोर्ड बघितला, प्लग दोनच पिनांचा निघाला. इलेक्ट्रिशियन संध्याकाळी येतो म्हणालाय.

सावजी_रस्सा
दुपारी नाही येणार. एक ते चार तोही बंद.