पॅरिस : ११५ वर रोज ‘जागा नाही’, पुढे काय करायचं?

प्रश्न : नवरा-बायको, दोन लहान मुलं, राहण्याचा परवाना नाही. आठवडाभर ११५ ला (बेघरांना तातडीचा निवारा देणारा फोन क्रमांक) फोन लावतायत, पण ‘आज जागा नाही’ हेच उत्तर. परवान्याशिवाय निवारा मागताच येत नाही असं ऐकलं. खरं का?

उत्तर १ : नाही. फ्रान्सच्या समाजकल्याण संहितेचं कलम एल ३४५-२-२ बेघर आणि अडचणीतल्या कोणालाही तातडीच्या निवाऱ्याचा हक्क देतं. परवान्याची अट त्यात नाही. तुटवडा आहे तो जागांचा. म्हणून फोन रोज लावायचा आणि लिहून ठेवायचं : तारीख, वेळ, किती मिनिटं ताटकळलात, उत्तर काय. कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. रस्त्यावर फोन चोरीला गेला की पुरावाही गेला. या नोंदींवर प्रशासकीय न्यायालयात ‘रेफेरे-लिबेर्ते’, म्हणजे मूलभूत हक्कासाठीचा तातडीचा अर्ज करता येतो. न्यायाधीशाने ४८ तासांत निर्णय द्यायचा असतो. वकिलाची सक्ती नाही, अर्ज मात्र फ्रेंचमध्येच.

उत्तर २ : वरचं बरोबर, पण अर्ज केला की खोली मिळाली, असं समजू नका. वय, प्रकृती, कुटुंब आणि प्रशासनाकडची साधनं हे सगळं तोलून निर्णय होतो. एकट्या धडधाकट पुरुषाचा अर्ज बहुधा टिकत नाही. देश सोडण्याचा आदेश हातात पडलेला असेल, तर ‘असाधारण परिस्थिती’ दाखवावी लागते. म्हणून मुलांचे जन्मदाखले, गरोदरपण किंवा दमा असेल तर डॉक्टरचं पत्र, हे पहिल्याच अर्जाला जोडा. ‘आम्ही रस्त्यावर आहोत’ एवढ्याने भागत नाही.

उत्तर ३ : निवाऱ्याच्या धावपळीत पत्ता राहून जातो. मान्यताप्राप्त संस्थेकडून ‘दोमिसिलियासियाँ’, म्हणजे टपालाचा पत्ता घ्या. तो वर्षभर चालतो, पण सलग ३ महिने तिकडे फिरकला नाहीत तर नाव कापलं जाऊ शकतं. सरकारी वैद्यकीय मदतीचा (आ-एम-ए) अर्ज करायला हा पत्ता कामी येतो. मोठ्यांना त्यासाठी फ्रान्समध्ये ३ महिन्यांहून जास्त राहिल्याचा पुरावा लागतो, १८ खालच्या मुलांना ती मुदत नाही. तोवर सरकारी इस्पितळातला ‘पास’ विभाग, म्हणजे विमा नसलेल्यांना उपचार मिळवून देणारा विभाग गाठा.

प्रश्नकर्ता : आणि मुलांची शाळा?

उत्तर ३ : ३ ते १६ वयात शिक्षण सक्तीचं आहे, आई-वडिलांचा परवाना मागता येत नाही. महापालिकेने घराच्या पत्त्यावरून अडवलं तर नकार लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणं अवघड जातं.