मदत हवी आहे: शाळेला २० जुने लॅपटॉप द्यावेत का?

शिवार: जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चौथी-पाचवीच्या ४० मुलांसाठी २० जुने लॅपटॉप देण्याचा विचार आहे. इंटरनेट नाही, दुपारी लाइट जाते. भागाकारात मुलं फार कच्ची आहेत, तिथे फरक पडावा हा हेतू. जाणकारांनी कृपया सांगावं.

खडूफळा: नुसते लॅपटॉप देऊन भागाकार सुधारत नाही. पेरूच्या सरकारने 'मुलामागे एक लॅपटॉप' म्हणत ८ लाखांवर यंत्रं वाटली. ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी झाली, तर १५ महिन्यांनंतरही गणित आणि भाषा होती तिथेच. मुलं लॅपटॉप चालवायला शिकली, पण रोजच्या धड्याशी त्याचा सांधा जुळलाच नाही.

वडोदऱ्याचं उदाहरण तुमच्या जास्त जवळचं. २००० साली पालिकेच्या १०० शाळांना प्रत्येकी ४ संगणक मिळाले आणि बहुतेक पडून राहिले. पुढे 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला २ तास, एका संगणकावर दोघं, असे ज्याच्या त्याच्या तयारीप्रमाणे गणिताचे खेळ दिले. गणित चांगलंच सुधारलं. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातलं बरंचसं ओसरलं, म्हणून निदान ३ वर्षांची तजवीज करूनच हात घाला. आणि गुरुजींचा तास कापून संगणक लावू नका. गुजरातेतच 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या शाळांमध्ये तसं केल्यावर मुलं मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा सराव दिला तेव्हा फायदा झाला.

पानापक्कड: २० नको, १० घ्या आणि वीस-वीसच्या दोन तुकड्या करा. उरलेले पैसे विजेवर घाला. जुना लॅपटॉप साधारण ३० वॅट खातो, म्हणजे दहांचे ३०० वॅट. १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीत १,८०० वॅट-तास मावतात, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. इन्व्हर्टरची घट धरता अडीच तास मिळतील. वीस लावलेत तर सव्वा तास. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, कारण जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या गेलेल्या असतात आणि लाइट जाताच सगळे एकदम बंद पडतात. धातूच्या कडेला हात लावून मुंग्या येत असतील तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, मुलांना नंतर बसवा.

इंटरनेट नसलं तरी अडत नाही. एका लॅपटॉपवर कोलिब्री (इंटरनेटशिवाय चालणारं शिकण्याचं मोफत सॉफ्टवेअर) टाका, शहरात त्याचे चॅनेल, म्हणजे धडे-सरावाचे संच, उतरवून पेनड्राइव्हने त्यात घ्या आणि साधा वायफाय राउटर लावा. बाकीच्यांवर ते ब्राउझरमध्ये उघडतं. त्या मुख्य लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राउटरमध्ये पक्का करायला विसरू नका. नाहीतर सुट्टीनंतर पत्ता बदलतो, पडद्यावर पान उघडत नाही, आणि लॅपटॉप बिघडले समजून कपाटात जातात.

शिवार: दोघांना एक दिला की माऊस एकाच्याच हातात राहणार ना?

खडूफळा: राहतो. दर १० मिनिटांनी जागा बदलायला लावा. ज्याच्या हातात माऊस नाही त्याने भागाकार वहीत मांडायचा, उत्तर त्याने सांगितल्यावरच दुसऱ्याने टिचकी मारायची. वही नसेल तर मुलं चार पर्याय बघून अंदाजाने दाबत सुटतात.