सायकलवर डोळ्यात-तोंडात किडे : तुम्ही काय करता?

ऑफिस सुटलं की पुण्यात खराडीहून मुंढव्याकडे सायकलने येतो. 2024 च्या फेब्रुवारीत इथे नदीवर डासांचे खांब उठल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. तेवढं रोज नसतं, पण जलपर्णी माजली की दिवेलागणीला पुलावर चिलटांचा पडदा असतोच. काल एक डोळ्यात गेलं, डोळा मिटला, आणि मागून बस. काळा गॉगल लावला तर खड्डे दिसत नाहीत. आपापले अनुभव लिहा. "हळू चालव" सोडून.

*

हार्डवेअरच्या दुकानातून ग्राइंडरवाले लावतात तो पारदर्शक चष्मा आणा. शंभर-दीडशेत येतो, कडेनेही झाकतो. सिग्नलला थांबलं की वाफ धरते, तेव्हा नाकावर जरा खाली ओढायचा. सायकलच्या दुकानातला महागडाही आहे माझ्याकडे, तो फोटोपुरता.

*

चष्म्याला +1. आणि डोळ्यात गेलंच तर चोळू नका हो. मी चोळला, तीन दिवस डोळा लाल. आता सायकल कडेला घेते आणि बाटलीतलं पाणी मारते. बाटलीत लिंबू-मीठ नाही ना, हे आधी आठवायचं. मला आठवलं नव्हतं.

*

माझी कथा हेल्मेटची. सिंहगडाचा उतार, मधमाशी पुढच्या फटीतून आत. दोन्ही हात डोक्याकडे गेले! डंख एक, खरचटलं सतरा ठिकाणी. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याच्यासोबतची पिशवी नंतरही विष सोडत राहते. म्हणजे नखाने, चावीने, जे हाताशी येईल त्याने लगेच खरवडून काढायचा. मी आरसा शोधण्यात पाच मिनिटं घालवली. (गांधीलमाशीचा काटा राहत नाही, ती बया पुन्हापुन्हा डसते.) आता हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घालतो. काही हेल्मेटना पुढच्या फटींवर आतून जाळी असते, घेताना बघा. आणि आत काही शिरलंच तर आधी ब्रेक, मग हात.

*

कोकणातून लिहितोय. पहिला पाऊस पडला की वाळवीची पंखवाली पाखरं बाहेर पडतात. सायकलचा दिवा लावा, सगळं वऱ्हाड तुमच्याच अंगावर. दिवा चाकापुढे जमिनीकडे वळवायचा आणि नाकातोंडावर मफलर. नाहीतर तासभर टपरीवर बसायचं, तोवर बऱ्याच जणांचे पंख गळून पडलेले असतात. आमच्यात चातुर्मासात कांदा-लसूण बंद. किड्यांचं काय, ते त्या पांडुरंगालाच ठाऊक.

*

गमतीत चाललंय म्हणून मुद्दाम लिहिते : आग्या मोहोळ. उंच झाडं, पुलाची खालची बाजू, पाण्याच्या टाक्या. साताऱ्याकडे आमचा ग्रुप वडाखाली दम खायला थांबला. वर कुणी पाहिलंच नाही. कशाने उठलं कळलं नाही, पण उठलं. तेव्हा सायकलीचा मोह सोडा, हात न झटकता तोंड झाकून पळा, घरात किंवा गाडीत शिरून दार लावा. पाण्यात उडी मारू नका, डोकं वर काढाल तेव्हा त्या तिथेच असतात. डंख खूप असतील, किंवा एकच असून धाप लागली, ओठ-जीभ सुजली, तर घरगुती उपाय नकोत, थेट हॉस्पिटल. थांबण्याआधी मान वर करायची, एवढी सवय आम्हाला त्या दिवसापासून लागली.

*

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये उन्हाळ्यात मिज नावाचं बारीकसं चिलट चावतं. इतकं हलकं की जरा वारा असला तरी त्याला उडता येत नाही, त्यामुळे सायकल पळतेय तोवर काही त्रास नाही. पंक्चर झालं की संपलं. माझ्या टूलकिटमध्ये ट्यूबच्या शेजारी तोंडावर घ्यायची जाळी असते.

*

धागाकर्ता : ग्राइंडरचा चष्मा आणला, एकशेवीस रुपये. बायको म्हणते, वेल्डर दिसतोस. आज पूल ओलांडून काचेवर मोजले, अकरा. बारावा तोंडात.