कातळशिल्पांना राजा नाही म्हणून त्यांना वाली नाही का?

सड्यावरचा (रत्नागिरी)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय, थोडं लांबेल. गेल्या रविवारी मुंबईहून आलेल्या आतेभावाला घेऊन कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारावर, गेलो होतो, तिथली कातळशिल्पं बघायला, थेट कातळावर कोरलेली फार जुनी चित्रं. तिथला हत्ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल, साधारण १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, मासे, पक्षी कोरलेले. भाऊ बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग विचारतो, हे कुठल्या राजाने केलं? मी म्हटलं तेव्हा राजाच नव्हता रे. तर म्हणाला, मग हे सांभाळणार कोण?

तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात आहे. माझं म्हणणं सरळ आहे. कोकणात जुनं काय टिकतं, कशाला पाटी लागते, कशाला निधी मिळतो हे त्या वस्तूच्या वयावर ठरत नाही, त्या वस्तूवरून आज कोणाला हक्क सांगता येतो त्यावर ठरतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपले चार जलदुर्ग. मी स्वतः पेढे वाटले, आनंद खरा होता. पण कातळशिल्पं २०२२ पासून तात्पुरत्या यादीतच आहेत, नऊ ठिकाणं, त्यातली सात आपल्या जिल्ह्यात, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं. आणि सड्यावर चिरेखाणीचं, म्हणजे जांभ्याचे चिरे कापायचं, मशीन रोज फिरतंय. ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पडला तेव्हा सगळ्या पक्षांचे नेते तिथे धावले, धावायलाच हवं होतं. पण मशीनखाली एखादं शिल्प गेलं तर तलाठ्यालासुद्धा कळत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. आफ्रिकेत ग्रेट झिंबाब्वे नावाचं दगडी शहर आहे, चुना न वापरता नुसते दगड रचून उभारलेलं, आपल्या गडग्यासारखं पण अवाढव्य. गोऱ्या लोकांचं राज्य होतं तेव्हा सांगायचे की हे आफ्रिकन माणसाला जमणारच नाही, फिनिशियन नाहीतर अरब कोणीतरी येऊन बांधून गेले. म्हणजे जमीन घेतलीच होती, इतिहासही घेतला. जुने अवशेष आणि सत्ता यांचं नातं असं असतं. तुम्हाला काय वाटतं?

किल्लेवेडा_दापोली

दादा, राग मानू नका पण तुमचं लिखाण वाचून वाईट वाटलं. आम्ही पंधरा वर्षं दर पावसाळ्यानंतर गडावर झाडी काढायला जातो, स्वतःच्या खिशातून डिझेल घालून, तेव्हा कुठला पक्ष नव्हता आणि कुठली यादी नव्हती. पक्ष नंतर आले. महाराजांनी १६६४ ला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला ही आमच्यासाठी राजकारणाची गोष्ट नाही, घरात देव असतो तशी आहे.

आणि लोकांच्या मनात जागा असली की मगच सरकार हलतं, यात चुकीचं काय आहे? राजकारण नसतं तर किल्ल्यांचा प्रस्ताव पॅरिसला युनेस्कोपर्यंत पोचला असता का? कातळशिल्पांशी लोकांचं तसं नातं नाही, कोणी कोरली, कशासाठी कोरली काहीच माहीत नाही, मग माणूस जीव कसा लावणार. तुम्ही नातं जोडून द्या, आम्ही फावडं घेऊन येतो. पण त्यासाठी किल्ल्यांना कशाला कमी लेखताय?

राजापूरवाली

नातं नाही हे मात्र चुकीचं आहे हो. माझं माहेर देवीहसोळच्या बाजूचं. आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं कातळशिल्प गाव देवीचं मानतं, त्याला शास्त्रज्ञांनी शोधायची गरज नव्हती. लहानपणी आम्हाला सांगायचे पांडवांनी एका रात्रीत कोरलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धं राहिलं. गोष्ट खरी नसेल पण त्या गोष्टीमुळे कोणी त्यावर पाय देत नव्हतं. पाटी नव्हती तरी राखण होती.

मला सड्यावरचा यांच्या मांडणीत एक गोष्ट खटकते. तुम्ही म्हणता सत्तेला कातळशिल्पांत रस नाही. बारसूला एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी मातीपरीक्षण सुरू झालं, बायका भर उन्हात सड्यावर आडव्या पडल्या होत्या, तेव्हा किती जणांना एकदम कातळशिल्पं आठवली! विरोध करणारे म्हणाले हा दहा हजार वर्षांचा वारसा आहे, बाजूने असणारे म्हणाले तेवढा तुकडा सोडून बाकीच्यावर बांधू. दोघांनाही बारसूच्या कातळशिल्पातला तो दोन वाघांच्या मधला माणूस हत्यार म्हणून हवा होता. मी स्वतः प्रकल्पाच्या विरोधात होते आणि आहे, पण खरं सांगते, कॅमेरे गेल्यावर त्या शिल्पापाशी किती जण परत आले? चित्र वाचवायचं तर ते चित्रासाठी वाचवा ना. उद्या आंदोलन संपलं की चित्राची गरजही संपली असं व्हायला नको.

देवगडचो झील

जमीन कोणाची ता पयला सांगा मगे बाकीचा बोला. आमच्या सातबाऱ्यार सतरा नावां असत, अर्धी माणसां मुंबयक, दोघे वारले तरी नावां तशीच. सड्यार ना भात होता ना आंबो. चिरेखाणवालो येता, पैसे देता. पुरातत्ववालो येता, फोटो काढता आणि सांगान जाता की हात लावू नको. मगे आमी खावचा काय?

तुमी सत्ता सत्ता म्हणतास. आमच्यासाठी सत्ता म्हणजे जो येवन सांगता की ह्या तुझा नाय, देशाचा हा, तो. पॅरिसचो असांदे नायतर मुंबयचो.

उत्खनन

मी पुरातत्वात एमए केलंय, दोन साइटवर प्रत्यक्ष खणलंय, म्हणून थोडं बोलतो.

आधी देवगडच्या भावाला. १०० मीटरच्या आत बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी हा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांचा आहे, २०१० च्या दुरुस्तीतून आलेला. स्मारक संरक्षित झालं म्हणजे जमीन आपोआप सरकारजमा होत नाही, मालक मालकच राहतो. वापरावर बंधनं येतात हे खरं, आणि त्या बंधनांचा मोबदला नीट मिळत नाही ही तक्रार मला शंभर टक्के पटते.

आता मूळ धाग्याबद्दल. सगळंच राजकारण आहे असं म्हटलं की मग पुरावा आणि थाप यात फरकच उरत नाही, आणि हे मला धोकादायक वाटतं. ग्रेट झिंबाब्वेचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. १९०५ मध्येच रँडल-मॅकायव्हर यांनी तिथे खणून सांगितलं होतं की हे आफ्रिकन लोकांचंच काम आहे. १९२९ ला गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईंनी थर न् थर तपासून तेच सिद्ध केलं. सत्ता विरोधात असताना खापरांनी साक्ष दिली. आमच्या विद्येची ताकद तिथे आहे.

खणणं म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं. खालचा थर बघायचा तर वरचा काढावा लागतो, आणि काढलेला थर परत घालता येत नाही. चौलसारख्या ठिकाणी सातवाहन, शिलाहार, निजामशाही, पोर्तुगीज सगळे एकावर एक बसलेत. कुठे थांबायचं हा निर्णय माणूस घेतो, मान्य, पण काय सापडलं ते माणूस ठरवत नाही. कातळशिल्पांची अडचण वेगळी आहे. उघड्या जांभ्यावर कोळसा नाही, हाड नाही, मग वय काढायचं कशावरून? गेंडा कोरलाय, कोकणात आज गेंडा नाही, म्हणजे तेव्हाचं हवामान आणि जंगल वेगळं असणार, अशा आडवाटेने जावं लागतं. म्हणून कोणी छातीठोकपणे आकडा सांगितला की मी सावध होतो, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

सड्यावरचा

@उत्खनन, पुरावा आणि थाप एकच असं मी म्हटलेलं नाही, पण मांडणीत तसं वाटलं असेल तर चूक माझी. फक्त एक गोष्ट. १९२९ ला सिद्ध झालं, तरी पुढे पन्नास वर्षं ते देशाला ऐकू दिलं नाही त्याचं काय? १९६५ नंतरच्या गोऱ्यांच्या सरकारच्या काळात मार्गदर्शक पुस्तिकेत काय लिहायचं यावर दबाव होता, आणि पीटर गार्लेक नावाचा स्मारकांचा निरीक्षक सरळ बोलला म्हणून त्याला १९७० ला देश सोडावा लागला. १९८० ला सत्ता बदलली तेव्हा देशाचं नावच झिंबाब्वे झालं आणि तिथला दगडी पक्षी झेंड्यावर गेला. खापरं खरं बोलत होती, पण ऐकवायला सरकार बदलावं लागलं.

आणि किल्लेवेडा, किल्ल्यांना कमी लेखत नाहीये मी. माझा प्रश्न आहे की किल्ल्यावर उभं राहून आपण सगळं सांगतो का. विजयदुर्गला मी तीनदा गाईड घेतला, तिन्ही वेळा ऐकलं की १७५६ ला इंग्रजांनी आंग्र्यांचं आरमार जाळलं. इंग्रजांच्या बरोबर पेशव्यांची फौज होती हे एकानेही सांगितलं नाही. तुळाजी आंग्रे आपला, पेशवे पण आपलेच, मग सांगायचं कसं, म्हणून ते गाळायचं. दाभोळच्या खाडीकाठची आदिलशाही मशीद घ्या, इतकं देखणं दगडी काम, शाळेची सहल तिथे कधी थांबते का? ती कोकणची नाही का?

महाडची लेक

इथे सगळे राजे, सरकार, युनेस्को बोलताहेत म्हणून मला एक बोलायचंय.

आम्ही बौद्ध. लहानपणी शाळेतून लेणी बघायला नेलं तेव्हा मास्तर म्हणाले ही पांडवांची लेणी, वनवासात असताना राहायचे. घरी येऊन आजोबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मला परत तिथे घेऊन गेले आणि स्तूपापाशी बसवलं. म्हणाले हे बघ आणि लक्षात ठेव. त्या वयात कळलं नाही, आता कळतं. वर राजापूरवाली ताईंनी पांडवांची गोष्ट सांगितली, तिथे त्या गोष्टीने राखण केली असेल, पण आमच्याकडे त्याच गोष्टीने मालक बदलला. सोपाऱ्यालाही (आजचं नालासोपारा) एका टेकाडाला लोक बुरूड राजाचा किल्ला म्हणायचे. १८८२ ला भगवानलाल इंद्रजींनी खणलं आणि आत स्तूप निघाला, दगडी पेटी निघाली, त्यात बुद्धाच्या छोट्या मूर्ती. त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला. खणलं नसतं तर आम्ही इथे कधी होतो हेच आम्हाला पुसून टाकलं असतं.

म्हणून पुरातत्व म्हणजे नुसती सत्ता असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. ज्यांच्याकडे बखर नाही, सनद नाही, वंशावळ नाही त्यांचा कागद जमिनीखालीच असतो. रायगड जिल्ह्यातल्या कुड्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात महाभोजांच्या, म्हणजे तिथल्या सरदारांच्या, घराण्यातली माणसं आहेत तसा वैद्य आहे, हार-फुलं विकणारा माळी पण आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माळ्याचं नाव आपल्याला माहीत आहे! मला तो माळी कुठल्याही राजापेक्षा जवळचा वाटतो.

किल्लेवेडा_दापोली

ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. कुडे आम्ही मुरूड-जंजिऱ्याला जाताना कितीदा ओलांडून गेलो, आत कधी गेलो नाही. जाणार.

१७५६ चं मात्र मी अजून म्हणेन की सांगायची एक वेळ असते. दहा वर्षांच्या पोराला पहिल्या फेरीत भाऊबंदकी सांगितली तर त्याला गड आवडणारच नाही. आधी प्रेम बसू दे, मग खरं सगळं सांगू.

सड्यावरचा

मग सांगू, मग सांगू करत अडीचशे वर्षं गेली की हो. दहा वर्षांचं पोर घरातली भाऊबंदकी रोज बघतं, त्याला गडावरची पण कळेल, आणि गड आणखी आवडेल. इथे आपलं जुळणार नाही बहुतेक, पण डिझेल मी देईन, या नोव्हेंबरला सुवर्णदुर्गला मी येतो.

देवगडकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कमी करतोय असं समजू नका. चित्र वाचवायचा खर्च ज्याच्या सड्यावर ते निघालं त्याच्या एकट्याच्या माथी मारायचा आणि कौतुक सगळ्यांनी घ्यायचं हे मला पण बरोबर वाटत नाही. उक्षीला गावाने पुढाकार घेऊन हत्ती राखला, पण तिथे गाव एक होतं. सतरा नावांच्या सातबाऱ्यावर काय करायचं?

देवगडचो झील

ह्या इचारलास ता बरा केलास. आदी कोणी इचारूक नाय.

नवीन_सदस्य_लांजा

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ करा. गेला महिनाभर नुसतं वाचत होतो.

आमच्या सड्यावर पण एक आहे. मासा आहे बहुतेक, शेपटीकडून नीट दिसतो, डोक्याकडे कातळ फुटलाय. बाबांनी मी लहान असताना त्याच्यावर माती आणि गवताचे भारे टाकून झाकून ठेवलं, कोणाला बोलायचं नाही असं सांगून, कारण बाजूच्या गावात कोणीतरी म्हणालं होतं की सरकारला कळलं तर जागा जाते. बाबा आता नाहीत. खाणवाला दोनदा येऊन गेला, चुलत्यांना रक्कम पटलीय. इथे ठिकाण लिहीत नाही, पण काय करावं कळत नाही.

उत्खनन

दादा, आधी एक, माती काढू नका. धुवू नका, ब्रश मारू नका आणि फोटोत दिसावं म्हणून रेषांत खडू भरू नका, लोक हमखास करतात. बाबांनी झाकलं ते चांगलंच केलं, मातीखाली ते आहे तसं राहतं. दिवाळीनंतर गवत सुकलं की मी येऊन बघतो, मोजमाप घेतो, तुमच्या परवानगीशिवाय नाव, गाव, फोटो कुठेही जाणार नाही. पण तोपर्यंत चुलत्यांनी खाणवाल्याशी करार करता कामा नये. तेवढं थांबवता येईल का?

नवीन_सदस्य_लांजा

सातबाऱ्यावर मोठ्या काकांचं नाव पहिलं आहे. गणपतीला सगळे घरी येतात तेव्हा बोलतो. तुम्ही कोणीतरी आलात तर बरं होईल, मी एकटा बोललो तर ऐकणार नाहीत.

देवगडचो झील

मी येतंय.