आईचं व्हिटॅमिन डी ११ आलंय आणि ती विसरायलाही लागलीय. आठ आठवडे थांबू का?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची, कोथरूडला माझ्याकडेच असते. सकाळचा चहा आणि पेपरातलं शब्दकोडं हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. कोड्यात एक चौकोन रिकामा राहिला तर दुपारी झोप लागायची नाही तिला. हल्ली सहा महिने कोडं अर्धवटच असतं. परवा बघितलं तर एकच शब्द दोन ठिकाणी कोंबलेला, शेवटचं अक्षर चौकोनाबाहेर. आमटीत दोनदा मीठ, 'गॅस बंद केलास ना गं?' हे तीनतीनदा, असं चालूच होतं. ते मी वयावर ढकललं. ते कोडं बघून मात्र पोटात गोळा आला.

आमच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलं. ११ नॅनोग्रॅम आलं. २० च्या खाली कमतरता धरतात. आठवड्यातून एक, अशी साठ हजार युनिटची पावडर आठ आठवडे घ्यायला दिली.

रिपोर्ट बघून दादा खूश. "कारण सापडलं! डी भरून निघालं की डोकं ताळ्यावर." त्याने २०१४ चा एक अभ्यासही पाठवला. अमेरिकेतल्या १,६५८ ज्येष्ठांवर सरासरी साडेपाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांचं डी १० च्या खाली, त्यांना डिमेन्शियाचा धोका दुपटीहून जास्त. १० ते २० मध्ये साधारण दीडपट. म्हणून तो म्हणतो, न्यूरोलॉजिस्टची घाई नको, आधी पावडर संपू दे.

पावडर तर पाचव्या दिवशीच संपत आली! आठातल्या तीनच पुड्या उरलेल्या. आई रोज रात्री दुधातून घेत होती, कारण काल घेतलेली तिला आठवतच नव्हती. खोकं तिच्या हातात दिलं ही चूक माझीच. डॉक्टरांनी लगेच पावडर थांबवली आणि डी जास्त झालं की कॅल्शियम वाढतं म्हणून रक्तातलं कॅल्शियम बघितलं. नशिबाने ठीक आलं.

तर, डी वाढलं की स्मरणशक्ती परत येते का? कोणाच्या घरी अनुभव आहे?

प्रतिसाद १
ताई, दादांनी पाठवलेला अभ्यास खराच आहे, पण त्यावरून कारण ठरत नाही. विसरभोळेपणा सुरू झालेला माणूस घराबाहेर कमी पडतो, ऊन कमी मिळतं, डी उतरतं. म्हणजे गाडी उलट्या दिशेनेही धावत असू शकते. प्रत्यक्ष गोळ्या देऊन बघितलं तेव्हा, साठीपुढच्या चार हजारांहून जास्त लोकांना रोज २,००० युनिट किंवा नुसतीच खोटी गोळी दिली. दोन-तीन वर्षांनी स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांचं डी मुळात बरं होतं, हेही खरं. पावडर हाडांसाठी हवीच, पण तिच्या भरवशावर आठ आठवडे घालवू नका. कॅल्शियम बघितलं हे उत्तम, ते फार वाढलं तर त्यानेही माणूस गोंधळतो.

प्रतिसाद २
बी१२ केलंत का? थायरॉईड, सोडियम? शाकाहारी असतील आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ आधी बघा. माझ्या सासऱ्यांचं तेच निघालं होतं. कानही तपासून घ्या, नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार?

प्रतिसाद ३
आई उन्हात बसतात की 'उन्हात' बसतात? आमच्या मातोश्री सकाळी सातला काचबंद गॅलरीत बसून डी मिळवायच्या. काचेतून डी तयार करणारे किरण येत नाहीत, आणि सातच्या कोवळ्या उन्हात ते नसल्यातच जमा. पुण्यात गॅलऱ्या बंद करून खोल्या काढायच्या आणि मग पुड्या आणायच्या!

धागाकर्ती
प्रतिसाद ३, आमचीही गॅलरी बंदच आहे. पकडलंत.

प्रतिसाद २, मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू आहे आणि बी१२ कोणी कधी बघितलेलंच नाही. डॉक्टरांना विचारून बी१२, थायरॉईड, सोडियम तिन्ही उद्याच करते. न्यूरोलॉजिस्टची वेळ पुढच्या गुरुवारची घेतली, दादाला नंतर सांगेन. उरलेल्या पुड्या माझ्या कपाटात कुलपात आहेत. आता एकच, तिथे मेमरी टेस्ट घेतात तेव्हा जवळच्या माणसाला बाहेर बसवतात का? आई एकटी आत जायला तयार नाही.